राज्यसभेचा एक दिवस आणि आपली मराठी

संसदेचे पावसाळी अधिवेशन सुरू झाले की तृतीय वर्षाच्या भाषांतराच्या वर्गात मी दरवर्षी एक कागद वाटते. राज्यसभेच्या कोणत्या तरी एका दिवसाचा कामकाजाचा क्रम. राज्यसभा सचिवालय तो इंग्रजीत आणि हिंदीत काढते. हिंदीत त्याला 'कार्यावलि' म्हणतात, लोकसभेत त्याच कागदाचे नाव 'कार्य-सूची' आहे. विद्यार्थ्यांनी दोहोंपैकी हवी ती प्रत घ्यावी आणि डिचोलीच्या बाजारात वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला कोणालाही न विचारता कळेल अशा मराठीत तो दिवस सांगावा, एवढेच काम असते. चार पानांचा कागद, एक आठवड्याची मुदत.

आठवड्याने जे हातात येते ते वाचताना प्रथम हसू येते आणि मग काळजी वाटते. 'अहवाल सभागृहाच्या टेबलावर पडून आहे' असे एकाने लिहिले होते. मंत्र्यांनी अहवाल सादर केला, आता तो सर्वांना पाहायला खुला आहे, एवढेच मुळात म्हटले होते. ह्या विद्यार्थ्याने त्याचे नेमके उलटे केले. दुसरीने विधेयक मांडण्यासाठी सदस्याला 'रजा' मिळवून दिली, कारण सभागृहाची अनुमती आणि कामावरची सुट्टी ह्या दोहोंना इंग्रजीत एकच शब्द आहे. राज्यसभेचे महासचिव एका वहीत 'सरचिटणीस' झाले होते. सगळ्यांत बोलकी चूक हिंदी प्रत घेणाऱ्या मुलाची. हिंदीत शुक्रवारी दुपारी 'गैर-सरकारी सदस्यों के संकल्प' असतात. मराठीत संकल्प म्हटले की सत्यनारायणाच्या पूजेतला आठवतो, नाही तर अर्थसंकल्प. त्याने दुसरा निवडला, आणि त्याच्या वहीत सरकारबाहेरच्या एका सदस्याने देशाचा अर्थसंकल्प मांडला. आपल्याकडे त्याला साधा, ग्रामपंचायतीपासून साहित्य संमेलनापर्यंत सर्वांना ठाऊक असलेला शब्द आहे: ठराव. तो त्याला माहीत नव्हता असे नाही. गावच्या क्रीडा मंडळाच्या सभेत त्याने स्वतः ठरावाला अनुमोदन दिले होते. दिल्लीत जे होते त्यालाही हाच शब्द चालतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

ह्या लेखात तो एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपल्या शब्दांत चालून पाहावा असा विचार आहे. वार्षिकाच्या वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत, त्यांना वर्गात उपयोग होईल. आणखी एक कारण आहे. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हे शब्द कानावर पडत असतात. मुंबईत आणि नागपुरात विधानसभा व विधान परिषद अशी दोन सभागृहे मराठीत चालतात. आपल्यापैकी बहुतेकांना ती सोय नाही. गोव्याला वरिष्ठ सभागृह नाही, गुजरातला नाही, मध्य प्रदेशालाही नाही. बेळगावात सुवर्ण विधानसौधमध्ये विधान परिषद बसते ती कन्नडमध्ये, आणि हैदराबादची परिषद तेलुगूत. त्यामुळे इंदूर, बडोदे किंवा मडगाव येथील मराठी वाचकाचा वरिष्ठ सभागृहाशी जो काही संबंध येतो तो राज्यसभेमार्फत, आणि तोही हिंदी वाहिनीच्या पट्टीवरून.

दिवसाची सुरुवात अकरा वाजता. मार्शल आगमनाची घोषणा करतो, सदस्य उभे राहतात, आणि सभापती आसनावर येतात. गोव्यातल्या विद्यार्थ्यांची पहिली ठेच इथेच लागते. आमच्याकडच्या मराठी दैनिकांत सभापती म्हणजे पर्वरीच्या विधानसभेचे प्रमुख. राज्यघटनेच्या मराठी भाषांतरात मात्र व्यवस्था स्पष्ट आहे: लोकसभेला आणि विधानसभेला अध्यक्ष, राज्यसभेला आणि विधान परिषदेला सभापती. महाराष्ट्रात ती तंतोतंत पाळली जाते, अर्थात तिथे पंचायत समितीलाही सभापती असतो ही गोष्ट वेगळी. गोव्याची रूढी चुकीची म्हणून खोडून काढावी असे मी म्हणणार नाही. चाळीस आमदारांचे एकच सभागृह असलेल्या राज्यात घोटाळा होत नाही. पण आमचा विद्यार्थी दिल्लीच्या बातमीत 'सभापतींनी सदस्याला समज दिली' असे वाचतो तेव्हा ते लोकसभेत झाले की राज्यसभेत, हे त्या एका शब्दावरून कळायला हवे, आणि त्याला ते कळत नाही. राज्यसभेचे सभापती म्हणजे देशाचे उपराष्ट्रपती, पदसिद्ध. १९५२ मध्ये पहिले डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन. ते सभागृहाचे सदस्य नसतात.

सभापती दिवसभर आसनावर नसतात. मग उपसभापती येतात. तेही नसले तर सदस्यांच्या तालिकेतले कोणी तरी. ह्या तिसऱ्या व्यक्तीला हिंदीत 'उपसभाध्यक्ष' म्हणतात, आणि मराठी बातमीत त्याचे उपसभापती, उपाध्यक्ष, काहीही होते. महाराष्ट्र विधिमंडळाने ह्यासाठी 'तालिका सभापती' हा शब्द केव्हाच रुळवला आहे. तो घ्यावा.

आसनस्थ झाल्यावर कधी एखाद्या दिवंगत माजी सदस्याचा उल्लेख होतो आणि सभागृह स्तब्ध उभे राहते. मग कागदपत्रे ठेवली जातात. हिंदीत ती 'सभा पटल पर' ठेवतात, म्हणून आपणही हल्ली 'पटलावर' लिहितो. मराठीत पटल डोळ्यावर येते, असे माझे एक सहकारी म्हणत. 'सभागृहापुढे ठेवले' म्हटले तर काही बिघडत नाही आणि अहवाल टेबलावर पडूनही राहत नाही.

त्यानंतरच्या तासाचे नाव वर्तमानपत्रांत हमखास 'शून्य प्रहर' असे छापले जाते. प्रहर म्हणजे तीन तास, दिवसरात्रीचे आठ. राज्यसभेत ह्या कामाला फार तर तासभर मिळतो आणि एका सदस्याला तीन मिनिटे. वेळ संपली की ध्वनिक्षेपक बंद होतो. 'शून्य तास' किंवा 'शून्य काळ' म्हणावे. गंमत अशी की हे नाव राज्यसभेच्या नियमांत कुठेच नाही, ते चालीने पडले. पूर्वी अकरा ते बारा प्रश्नोत्तरे होत आणि बाराच्या ठोक्याला, ठरलेले काम सुरू होण्याआधी, सदस्य तातडीचे विषय काढत. घड्याळाच्या त्या ठोक्यावरून शून्य. २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून राज्यसभेने प्रश्नोत्तरांचा तास अकराऐवजी बाराला नेला, कारण सकाळचा पहिलाच तास गदारोळात वाहून जात होता. त्यामुळे शून्य तास आता अकरालाच येतो. नावाचे कारण गेले, नाव राहिले. असे शब्द भाषेत पुष्कळ असतात.

बाराला प्रश्नोत्तरांचा तास. हिंदीचा 'प्रश्नकाल' आपल्याकडे शिरतो आहे, शिरू द्यावा, आखूड आहे. इथे मराठीची बाजू भक्कम आहे. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर तोंडी मिळते आणि त्यावर आणखी विचारता येते. अतारांकित म्हणजे लेखी उत्तराचा. राज्यसभेत दिवसाला पंधरा तारांकित आणि एकशे साठ अतारांकित प्रश्न यादीवर असतात. तोंडी उत्तरानंतर जे विचारतात ते हिंदीत 'अनुपूरक', मराठीत 'उपप्रश्न'. चार अक्षरी, चटकन उच्चारता येणारा. वर्गात मी सांगते की सरकारची खरी परीक्षा उपप्रश्नाला असते, कारण मूळ प्रश्नाचे उत्तर अधिकाऱ्यांनी आधीच लिहून दिलेले असते. मुले हसतात. त्यांना तोंडी परीक्षा आठवते.

एक वाजता भोजनासाठी सुट्टी. दोनला विधेयके. माझ्या मते शब्दांची खरी कसोटी इथे लागते, आणि माझी स्वतःची सर्वांत मोठी चूकही इथलीच आहे.

नव्वदच्या दशकात, एम. ए. झाल्यावर, पणजीच्या एका मराठी दैनिकात मी संध्याकाळच्या पाळीला अर्धवेळ उपसंपादक होते. इंग्रजी वृत्तसंस्थेच्या बातम्या यंत्रावर यायच्या, त्या आम्ही मराठीत उतरवायचो. मे महिन्यातली एक संध्याकाळ. वित्त विधेयक राज्यसभेत चर्चेला होते. बातमी आली, मी तिचे भाषांतर केले आणि मथळा दिला: 'राज्यसभेने वित्त विधेयक परत पाठवले'. शब्दाला शब्द बरोबर होता. पान गेले, मी घरी गेले.

सकाळी आठच्या आत शेजारच्या घरी फोन आला. माझे शाळेतले मराठीचे मास्तर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षे झालेली. घाईने विचारले, "अगं, सरकार पडलं की काय?"

"नाही, सर. विधेयक संमत झालं. कर लागू होणार."

"मग राज्यसभेनं ते परत का पाठवलं?"

"परत पाठवलं म्हणजे मान्य केलं, सर. धन विधेयकाचं तसंच असतं."

थोडा वेळ फोनवर काही बोलणे नाही. मग म्हणाले, "हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग वाचकाला का नाही सांगितलंस?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींचा खुलासा आला. तो कोणी वाचला असेल असे वाटत नाही.

मला तेव्हा जे माहीत होते ते असे. धन विधेयक, म्हणजे कर, सरकारी तिजोरी, कर्ज एवढ्यापुरतेच असलेले विधेयक, फक्त लोकसभेत मांडता येते. लोकसभेने संमत केल्यावर ते राज्यसभेकडे येते. राज्यसभा ते फेटाळू शकत नाही, त्यात दुरुस्तीही करू शकत नाही. अनुच्छेद १०९ प्रमाणे तिने चौदा दिवसांच्या आत ते आपल्या शिफारशींसह लोकसभेकडे परत करायचे. शिफारशी मानायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. चौदा दिवस उलटले तरी विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केले असेच समजतात. म्हणून दुपारी अशा विधेयकावर तासन्‌तास टीका होते, आणि शेवटी मंत्री प्रस्ताव मांडतात तो 'विधेयक संमत करावे' असा नसून 'विधेयक परत करावे' असा असतो. सगळे 'होय' म्हणतात. विधेयक परत जाते, म्हणजे मार्गी लागते.

आता मराठीत 'परत पाठवणे' कुठे येते ते पाहा. स्थळ परत पाठवतात. वसुलीला आलेला माणूस दारातून परत पाठवतात. ह्या वार्षिकाचे वाचक बहुतांश लिहिणारे आहेत, त्यांना 'साभार परत' ची चिठ्ठी सांगायला नको. आपल्या भाषेत परत पाठवण्यात नकार मुरलेला आहे. 'परत करणे' मात्र तसे नाही. ग्रंथालयाचे पुस्तक परत करतात, उसने साखरेचे भांडे परत करतात. वस्तू ज्याची त्याच्याकडे गेली, कोणी कोणाला झिडकारले नाही. वित्त विधेयक लोकसभेचेच होते. तेव्हा मी 'राज्यसभेने वित्त विधेयक शिफारशीविना लोकसभेला परत केले. संसदेची मंजुरी पूर्ण' असे लिहायला हवे होते. मथळ्याला लांब होते हे खरे. मग 'वित्त विधेयकाला संसदेची मंजुरी' एवढेच पुरे होते, आणि परत करण्याचा भाग बातमीत समजावून सांगता आला असता.

गुंतागुंत इथे थांबत नाही. राष्ट्रपतीही विधेयक परत पाठवू शकतात, अनुच्छेद १११ प्रमाणे, धन विधेयक सोडून. तिथे खरोखरच फेरविचाराची मागणी असते, म्हणजे 'परत पाठवले' अगदी योग्य. एकाच क्रियापदाचे एका ठिकाणी संमती आणि दुसऱ्या ठिकाणी अडवणूक असे दोन अर्थ. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द, हिंदीत दोन्हीकडे 'लौटाना'. मराठीला 'परत करणे' आणि 'परत पाठवणे' हा भेद करता येतो. आपण तो वापरत नाही.

साध्या विधेयकाची वाट निराळी. मांडणे, विचारात घेणे, खंडशः विचार, दुरुस्त्या, मंजुरी. पहिल्या पायरीला विधिमंडळाची मराठी 'पुरःस्थापित करणे' म्हणते. हा शब्द मी वर्गात कधी लादला नाही. विसर्गासकट त्याचा उच्चार करून दाखवणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे. 'विधेयक मांडले' हे पुरेसे आहे. उलट 'खंड', 'कलम' आणि 'अनुच्छेद' ह्यांच्याबाबतीत मी हट्ट धरते. विधेयकात असतो तो खंड, विधेयकाचा कायदा झाला की तेच कलम, आणि राज्यघटनेत अनुच्छेद. आपण तिन्हींना कलम म्हणतो, आणि मग अजून कायदा न झालेल्या मसुद्याचे 'कलम' लागू झाल्याची अफवा पसरते.

विधेयकावर एकमत नसले तर सदस्य ते निवडक सदस्यांच्या समितीकडे पाठवण्याची मागणी करतात. हिंदीत ती 'प्रवर समिति'. जुन्या मराठी पत्रकारितेने तिला 'चिकित्सा समिती' म्हटले. शब्द कोणी घडवला माहीत नाही, पण घडवणाऱ्याने समितीचे काम पाहिले असले पाहिजे. प्रवर म्हणजे श्रेष्ठ, म्हणजे तिथे कोण बसतात ते कळते. चिकित्सेत ते काय करतात ते कळते. अलीकडे आमची दैनिकेही 'प्रवर समिती' छापू लागली आहेत. असाच 'प्रतोद'. पक्षाच्या सदस्यांना मतदानाला हाकून आणणारा पदाधिकारी. हिंदीत तो 'सचेतक', म्हणजे जागे करणारा. प्रतोद म्हणजे चाबूक, पराणी. मराठीने इंग्रजी शब्दातला चाबूक तसाच ठेवला, फक्त संस्कृतातून उचलला. मुलांना हे सांगितले की ती तो शब्द विसरत नाहीत.

मग मतदान. आधी आवाजी. आसनावरून विचारतात, होय म्हणणारे होय म्हणतात, नाही म्हणणारे नाही, आणि कोणता आवाज मोठा ते पीठासीन व्यक्ती ठरवते. 'आवाजी मतदान' हा माझा आवडता शब्द आहे. गल्लीतल्या माणसालाही कळतो. हल्ली वह्यांत 'ध्वनिमताने पारित' येते. एका चर्चासत्रात मी ह्यावर तक्रारीच्या सुरात बोलले, तेव्हा इंदूरहून आलेल्या एक ज्येष्ठ प्राध्यापिका उठून म्हणाल्या, "ताई, आमच्या घरात चार पिढ्या मराठी आहे आणि चार पिढ्या हिंदीची शाळा आहे. ध्वनिमत आम्हांला परका नाही. तुमच्या गोव्यात तो परका वाटत असेल." त्यांचे म्हणणे मी मान्य केले. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठीला हिंदीशेजारचा शब्द घरचा वाटणे स्वाभाविक आहे. माझा आक्षेप शब्द कुठून आला ह्यावर नाही. 'तहकूब' अरबी-फारसीच्या वाटेने आला आणि त्याहून मराठी शब्द मला सुचत नाही. माझा आक्षेप एवढाच, की आपल्याकडे शब्द आहे हे ठाऊक नसल्यामुळे दुसरा घेतला जाऊ नये. बाईंना दोन्ही ठाऊक होते. माझ्या वर्गाला एकच ठाऊक असतो.

आवाजी निर्णय कोणी मान्य केला नाही तर मतविभागणी मागता येते. घंटा वाजतात, सदस्य आत येतात, दारे बंद होतात आणि मते नोंदली जातात. कोणाचे मत कुठे पडले हे लेखी राहते, म्हणून मतविभागणी मागणे हीच कित्येकदा विरोधकांची खेळी असते. संख्या आधीच माहीत असते, नावे मात्र नोंदवून घ्यायची असतात. सभागृहात एक दशांश सदस्य हजर असले पाहिजेत, म्हणजे सध्याच्या २४५ मध्ये पंचवीस. ह्याला गणपूर्ती म्हणतात, हिंदी-मराठी दोहोंत तेच.

शुक्रवारी दुपार मंत्री नसलेल्या सदस्यांची. आलटून पालटून एका शुक्रवारी त्यांची विधेयके, एका शुक्रवारी ठराव. १९७० नंतर असे एकही विधेयक कायदा झालेले नाही. तरी सदस्य ती मांडतात. मंत्री उत्तर देतात, सदस्य सभागृहाच्या अनुमतीने विधेयक मागे घेतो. हा भाग मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला देते, कारण पक्षादेश नसल्याने तिथली भाषणे माणसांची वाटतात.

इथे एक विषयांतर करते. राज्यसभेत बारा सदस्य राष्ट्रपती नेमतात: साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा ह्यांतले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांत मराठी माणसे लक्षात येण्याजोगी होती. बेळगावजवळच्या बेळगुंदीशी नाते असलेले, मराठी मातृभाषा असून गुजरातीत मानाचे लेखक ठरलेले काका कालेलकर १९५२ पासून होते. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पां. वा. काणे १९५३ मध्ये आले, नाटककार मामा वरेरकर १९५६ मध्ये. आमच्या वाङ्मयेतिहासाच्या तासाला ही नावे येतात तेव्हा ते संसदेत होते हे आम्ही सांगत नाही, आणि राज्यशास्त्राच्या तासाला ते लेखक होते हे सांगत नाहीत.

त्यांना सभागृहात मराठीत बोलता आले असते का? अनुच्छेद १२० म्हणतो की संसदेचे कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालेल. ज्या सदस्याला ह्या दोन्हींत पुरेसे व्यक्त होता येत नाही त्याला पीठासीन व्यक्ती मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकते. वाक्य नीट वाचावे. मातृभाषा तिथे असमर्थतेच्या वाटेने आत येते. काणे किंवा कालेलकर ह्यांच्यासारख्यांना तो दरवाजा लागूच नव्हता, कारण त्यांना इंग्रजी येत होते. प्रत्यक्ष व्यवहार पुढे उदार झाला. पूर्वसूचना दिली तर सदस्य आपल्या भाषेत बोलतात आणि दुभाषे ते लगोलग हिंदी-इंग्रजीत नेतात. २०१८ च्या पावसाळी अधिवेशनापासून आठव्या अनुसूचीतल्या सर्व बावीस भाषांची ही सोय राज्यसभेत झाली. त्या वेळी नव्याने जोडलेल्या पाचांत आमच्या शेजारची, घरातलीच म्हणायची, कोकणी होती. डोगरी, काश्मिरी, संथाली आणि सिंधी ह्या इतर चार. मराठीची सोय आधीपासून होती.

दुभाष्याच्या काचेच्या खोलीचा मी पुष्कळ विचार करते. जुन्या गोल इमारतीत एकदा प्रेक्षक सज्जात तासभर बसले होते. पिशवी, फोन, सगळे बाहेर ठेवून. लाल गालिचा, अर्धवर्तुळात बाके, बहुतेक रिकामी. कोणी तरी बोलत होते. कानाला यंत्र लावले की दुसऱ्या भाषेतला आवाज येत होता, वाक्याच्या शेपटीवर पाय ठेवत. मराठी बोलणारा सदस्य 'उपप्रश्न', 'लक्षवेधी', 'हरकतीचा मुद्दा' म्हणाला तर त्या खोलीत बसलेल्याला क्षणात प्रतिशब्द लागतो. सदस्यानेच हिंदी शब्द मराठी प्रत्यय लावून वापरले तर दुभाष्याचे काम सोपे होते, आणि मराठीचे काहीच उरत नाही. त्या खुर्चीसाठी आमच्या विद्यार्थ्याने परीक्षा द्यावी अशी माझी इच्छा आहे. म्हणून हा सारा खटाटोप.

परिभाषेचे काम महाराष्ट्राबाहेर झाले नाही असेही समजू नये. महाराष्ट्र राज्याचे भाषा संचालनालय १९६० चे. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ मध्येच छापून घेतला होता, मराठी त्यात होतीच. बडोद्याच्या वाचकांनी तो आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे का ते एकदा पाहावे.

संध्याकाळी, काम संपत आले की 'विशेष उल्लेख'. सदस्य लोकमहत्त्वाचा एखादा विषय लिहून आणतो आणि वाचतो. राज्यसभेच्या नियमांत त्याला २५० शब्दांची मर्यादा आहे. लेखनाच्या शिक्षकाला याहून चांगला स्वाध्याय कोणी आयता दिला नसेल. मी तो गेली काही वर्षे शेवटचा प्रश्न म्हणून देते: तुम्ही गोव्याचे राज्यसभा सदस्य आहात (एकच जागा आहे, १९८७ मध्ये घटक राज्य झाल्यावर मिळालेली), तर २५० शब्दांत विशेष उल्लेख लिहा.

काणकोणहून येणाऱ्या एका मुलीने आधी फेरीबोटीवर लिहिले. चांगले लिहिले होते. पण फेरीबोट राज्य सरकारची, तो विषय पर्वरीला. दिल्लीत मांडायचा तर केंद्राशी संबंध हवा. ती दोन दिवसांनी कोकण रेल्वेवर लिहून घेऊन आली. सकाळची जी गाडी तिच्या स्थानकावर थांबत नाही, त्यामुळे कॉलेजच्या मुलांना बसचे दोन टप्पे करावे लागतात, पावसात पहिला तास बुडतो, हजेरी कमी पडते, परीक्षेचा अर्ज अडतो. सगळे ओळीने, कुठेही आवाज न चढवता. शब्द भरले २६१.

"मॅडम, अकरा शब्द कुठले काढू? सगळेच लागतात."

मी वही वर्गापुढे ठेवली आणि विचारले. मागच्या बाकावरून एकाने पहिल्या वाक्यावर बोट ठेवले: 'आदरणीय सभापती महोदय, मी आपल्या माध्यमातून या सभागृहाचे लक्ष वेधू इच्छिते'. तिने मोजले. नेमके अकरा होते. तिने ते खोडले, आणि उल्लेख गाडीच्या वेळेपासून सुरू झाला.